दाबल्यावर काय होतं

ज्या वस्तूचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली नाही, असं बुवाचं ठाम मत होतं. मग तो मिक्सर असो, पंखा असो नाहीतर कॉम्प्युटरचा प्रोग्राम असो. घरचा मिक्सर त्याने आजवर तीनदा उघडला होता आणि प्रत्येक वेळी एक स्क्रू जास्तीचा उरला होता. बायकोने ते तिन्ही स्क्रू एका वाटीत जपून ठेवले होते. बुवा फार बोलायला लागला की ती काही न बोलता वाटी आणून त्याच्यापुढे ठेवायची.

बुवा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि दिसेल त्याला ओपन सोर्सवर प्रवचन द्यायचा, म्हणून ते चिकटलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं (तो स्वतः थोडक्यात कधीच सांगायचा नाही): जगभर हजारो माणसं प्रोग्राम लिहितात आणि त्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा, शेजाऱ्याला द्यावा. "म्हणजे फुकट," समोरचा म्हणायचा. "फुकट नव्हे हो, मोकळा!" असं म्हणून बुवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. पंधरा वर्षं हे चाललं होतं. त्याला खाली उभा बघून मेव्हणा मागच्या जिन्याने घरी जायचा.

या प्रवचनाला पहिल्यांदा कुणी मनापासून मान डोलावली ती ताईच्या दवाखान्यात, आणि तिथेच घात झाला.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. एकवीस वर्षांपूर्वी एका आजारात तिची दृष्टी गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती या दवाखान्यात फोनवर बसली. रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या, बदलायच्या, रद्द करायच्या. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. तो इतक्या भरधाव बोलायचा की शेजारच्या नर्सला ती नुसती किरकिर वाटायची. ताईला अक्षर न् अक्षर कळायचं. माणसं तर ती "हॅलो" पुरतं व्हायच्या आत ओळखायची. "काय काका, गुडघा पुन्हा का?" ती विचारायची आणि पलीकडचा माणूस अर्धा तिथेच बरा व्हायचा.

दवाखान्यातला जुना प्रोग्राम ज्या कंपनीचा होता ती बंद पडली. बुवाला आनंद लपवता आला नाही. "बघा! कुलूपबंद माल!" असं म्हणत तो व्यवस्थापक मॅडमना भेटला, तासभर बोलला आणि वेळा देण्यासाठी एक मोकळा प्रोग्राम त्यांच्या गळी उतरवला. देखणा, रंगीत, कुठल्याही भाषेत चालणारा. मॅडम खूश झाल्या. एक तारखेपासून सगळं नव्यावर, असं ठरलं. तीन आठवडे हातात होते.

सोमवारी ताई नव्या प्रोग्रामसमोर बसली. बुवा मागे उभा होता, बारशाला उभं राहिल्यासारखा. ताईने कीबोर्डवरची किल्ली दाबली आणि स्क्रीन रीडर म्हणाला, "बटण." पुढची दाबली. "बटण." मग पुढची. "बटण. बटण. बटण."

एकूण नऊ बटणं होती आणि सगळ्यांचं नाव बटण. बटणांवर अक्षरं नव्हतीच, नुसती चित्रं होती, आणि चित्राखाली नाव लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. जुना प्रोग्राम कुलूपबंद होता, पण तो ताईशी बोलायचा. नवा मोकळा होता आणि तिच्यापुरता मुका होता.

मॅडम वाईट नव्हत्या. "एक तारखेपर्यंत झालं तर उत्तमच," त्या म्हणाल्या. "नाहीतर फोनवर दुसरं कुणी बसेल. ताईंसाठी काहीतरी बघू आपण. इथेच बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतील."

"शोभेला," ताई म्हणाली. मॅडम ओशाळल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी बुवाने प्रोग्राम बनवणाऱ्यांना एक लांबलचक तक्रार ठोकली. तुम्हाला अंध माणसं दिसत नाहीत का, इथपासून सुरुवात. वाचून त्यालाच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याच्या नावाजागी कासवाचं चित्र होतं. बाई की पुरुष, कुठल्या देशातलं, काही कळत नव्हतं. उत्तर इंग्रजीत, चार ओळींचं होतं: तुमचं बरोबर आहे. चूक आमची आहे. सध्या हा प्रोग्राम सांभाळणारे आम्ही तिघंच आहोत आणि तिघंही नोकरी सांभाळून हे करतो. तुम्ही दुरुस्ती करून पाठवाल का? मी तपासेन.

बुवाने ते तीनदा वाचलं. पंधरा वर्षं तो जगाला सांगत आला होता की झाकण उघडं आहे, कुणीही दुरुस्त करू शकतो. आज कुणीतरी म्हटलं होतं, मग कर. आणि खरी गोष्ट अशी होती, जी बायकोलाही ठाऊक नव्हती, की या पंधरा वर्षांत बुवाने दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये स्वतःची एक ओळही घातलेली नव्हती. वापरलं भरपूर, वाटलं भरपूर, तक्रारीही केल्या. लिहायची वेळ आली की कचेरीचं काम निघायचं. त्याचे कान तापले.

"येतं ना तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"येतं म्हणजे... येईल."

बायकोने वाटीकडे एकदा बघितलं, पण आणली नाही. तिचे हे उपकार बुवा अजून विसरलेला नाही.

रोज सकाळी कचेरीपूर्वी दोन तास तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायला लागला. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात साखरेचा डबा शोधणं. पहिले चार दिवस नुसती फडताळं उघडण्यात गेले. पण पाचव्या दिवशी डबा सापडला. नऊ बटणांना त्याने नऊ नावं दिली आणि रविवारी ताईला घरी बोलावलं. छाती फुगली होती त्याची.

ताईने किल्ली दाबली. "हिरवं बटण," स्क्रीन रीडर म्हणाला. "लाल बटण. उजवीकडच्या बाणाचं बटण. तीन रेघांचं बटण."

ताई आधी खो खो हसली. मग डोळे पुसून तिने किल्लीवरचा हात काढून घेतला.

"काय झालं? बोलतंय की आता," बुवा म्हणाला.

"अरे शहाण्या, हिरवं बघून मला एकवीस वर्षं झाली. तुला काय दिसतं ते तू लिहिलंयस. दाबल्यावर काय होतं ते सांग ना!"

बुवाला एकदम स्वतःची लाज वाटली. बहिणीसाठी करायला बसला आणि स्वतःच्याच डोळ्यांनी करून मोकळा झाला. आणि 'तीन रेघा' दाबल्यावर काय होतं हे त्यालाही माहीत नव्हतं, हे आणखी वर.

मग दोघं दुपारभर बसले. ताई एकेक बटण दाबायची, बुवा काय झालं ते सांगायचा आणि नाव ती ठेवायची. "वेळ द्या." "वेळ बदला." "रद्द करा." "पुढचा दिवस." तीन रेघांचं नाव त्याने मोठं जड काढलं होतं. ताईने ते ऐकून नुसतं 'बाकीचं' असं ठेवलं. नऊच्या नऊ झाली तेव्हा ताई म्हणाली, "आणि रिकामी वेळ कुठली, हे तुला कसं कळतं?"

"हिरवी असते ना ती. भरलेली लाल..." बुवा बोलता बोलता थांबला.

"हं," ताई म्हणाली.

म्हणजे नुसती बटणं नाहीत, डॉक्टरांच्या दिवसभरातल्या चाळीसच्या चाळीस वेळा बोलक्या करायच्या होत्या. हातात बारा दिवस होते. बुवाने डोकं धरलं. बायकोने चहा पुढे ठेवला आणि त्यांच्यातच बसली. तिने मध्येच विचारलं, "फोन चालू असताना ते दर वेळेला 'रिकामी, रिकामी' असं ओरडणार का?" ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग ठरलं, ताईने विचारलं तरच सांगायचं.

बुधवारी त्याने दुरुस्ती पाठवली, नावांचे इंग्रजी अर्थ सोबत जोडून. कासवाने ती परत पाठवली. इथे नाव चुकलंय, इथे एकच गोष्ट दोनदा लिहिलीय. बुवाने सुधारून पाठवली. परत आली. या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्तीची आहे.

"एका मोकळ्या जागेसाठी!" बुवा फोनवर ताईपाशी फणफणला. "दिसतसुद्धा नाही ती! सहा वेळा परत आलं माझं."

"सहा वेळा वाचलं म्हणजे त्या माणसाने."

"हो, पण..."

"तुझं लिखाण आजवर कुणी सहा वेळा वाचलंय का रे? मी तर तुझी पत्रंसुद्धा एकदाच ऐकायचे."

फोन ठेवल्यावर बुवाने कासवाचे सगळे निरोप पहिल्यापासून काढून पाहिले. एकातही चिडणं नव्हतं. प्रत्येक चुकीपुढे ती का चूक आहे हे लिहिलेलं होतं आणि तिसऱ्या निरोपाच्या खाली हेही होतं, की उत्तराला उशीर झाला, माफ करा, मुलगी आजारी होती. जगाच्या कुठल्यातरी टोकाला एक माणूस आजारी मुलीच्या उशाशी बसून बुवाच्या ओळी तपासत होता. ताई त्या माणसाची कोणीही लागत नव्हती. बुवाला भरून आलं. पंधरा वर्षं आपण 'हजारो माणसं' म्हणत आलो आणि त्यातल्या एकालाही कधी आभाराची एक ओळ लिहिली नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने मोकळी जागा काढली आणि खाली लिहिलं: आभारी आहे. मुलगी कशी आहे?

मुलगी बरी आहे, असं उत्तर आलं. सोबत दोन प्रश्न होते. बटणांची ही नावं फार छान आहेत, ती कुणी ठेवली? आणि त्या व्यक्तीचं पूर्ण नाव काय? बुवाने कळवलं.

महिना संपायला एक दिवस असताना दुरुस्ती मंजूर झाली. बुवाने ती दवाखान्यात बसवली आणि एक तारखेला कचेरीत रजा टाकून तो ताईच्या मागे स्टूल घेऊन बसला. मॅडम दाराशी उभ्या होत्या. फोन वाजला.

"दवाखाना," ताई म्हणाली. मग लगेच, "अहो मावशी, आवाज बसलाय की तुमचा! डॉक्टरांना दाखवायलाच हवं. थांबा हं." तिची बोटं किल्ल्यांवरून फिरली. कानातली किरकिर बुवालाही ऐकू येत होती, पण त्यातलं एक अक्षर त्याला कळेना. "अकरा वीस रिकामी आहे," ताई म्हणाली. "चालेल? दिली. आणि गार पाणी पिऊ नका तोवर."

मॅडम एकदा खाकरल्या. "ताई, ही खुर्ची फार जुनी झालीय तुमची," त्या म्हणाल्या. "नवीन मागवते." आणि निघून गेल्या. खुर्ची ताईचीच राहणार हे असं कळलं.

दुपारी फोन थंडावले तेव्हा ताईने विचारलं, "हे सगळं मुळात केलंय कुणी रे?"

"यादी असते, आजवर ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची. प्रत्येक प्रोग्रामच्या आत असते. शेवटी बघ, तुझं नाव आहे त्यात."

"माझं?"

"कासवाने घातलंय. चारशे बारा जणांत. थांब, थेट तिथेच नेतो तुला."

"हात काढ," ताई म्हणाली. "पहिल्यापासून लाव."

"अगं, चारशे आहेत!"

"एवढ्यांनी केलं आणि मी माझंच तेवढं ऐकून उठू? लाव."

तिने आवाजाचा वेगही कमी केला, बुवालाही कळावं म्हणून. कानातली वायर काढून टाकली. स्क्रीन रीडर एकेक नाव घ्यायला लागला. कुठल्या कुठल्या देशांतली नावं, निम्म्यांची त्याने वाट लावली. काही नावं नव्हतीच, नुसती टोपणनावं होती. एकाचं नाव होतं नुसतं 'उंदीर'. नर्स हसली आणि मग तीही ऐकत उभी राहिली. मध्ये दोनदा फोन वाजला. ताईने वेळा दिल्या आणि यादी जिथे थांबली होती तिथूनच पुढे लावली. एकशे साठाव्या नावापाशी बुवाच्या लक्षात आलं, की ताई प्रत्येक नावाला किंचित मान लववते आहे.

अर्ध्या तासाने तिचं नाव आलं. यंत्राने त्याचीही वाट लावलीच. ताईने इतरांसारखी त्यालाही मान लववली.

"झालं," बुवा उठत म्हणाला.

"संपली यादी?"

"तशी नाही. अजून एक आहे. शेवटचं."

"मग बस खाली."

बुवा बसला. स्क्रीन रीडरने त्याचं नाव घेतलं, बुवा नव्हे, आईवडिलांनी ठेवलेलं, आडनावासकट आणि चक्क बरोबर. ताईचं बोट किल्लीवर तसंच होतं. ते नाव तिने तीनदा ऐकलं. स्वतःचं एकदाच ऐकलं होतं.