गुणगुण थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटार मला जोडली की तिचा आवाज मी मोठा करतो. एका सुताराने मला हौसेने विकत घेतलं. तो गाणी रचायचा आणि लोक आम्हा दोघांची पाठ थोपटायचे. तो गेला तसा मी दारामागे पडलो. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साठू लागला.

मग एके दिवशी त्याच्या बायकोने ढीग उचलून मला चालू केलं. तिचं इस्त्रीचं दुकान आहे आणि सगळे तिला मावशी म्हणतात. आता ती स्वतःच गाणी रचू लागली होती. पण दारामागे असताना उंदराने माझी आतली एक वायर कुरतडली होती. तिथला करंट माझ्या पत्र्यात झिरपे आणि प्लगमधली हिरवी वायर तो मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडी. म्हणून कुणाला धक्का बसत नसे. चालू असताना मी सारखा गुणगुणायचो, एवढीच काय ती खोड.

परवा संध्याकाळी बेकरीमागच्या गोदामात इथलेच गायक आपापली गाणी म्हणायला जमले. मावशीने मलाही तिथे नेलं. ट्रकवाल्याने लांबच्या रस्त्याचं गाणं म्हटलं. लोक रंगले, पण मागून कुणीतरी म्हणालं, "तो खोका जरा गप्प करा की."

चहाच्या वेळी साउंडवाल्याने, म्हणजे मावशीच्या भाच्याने, माझा प्लग उघडला आणि हिरवी वायर काढून टाकली. गुणगुण थांबली.

"बघा, कसा सुतासारखा सरळ आला," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आत काय झालं होतं, ते मलाच ठाऊक होतं. करंटला आता वाटच उरली नव्हती. तो गिटारच्या तारांपर्यंत पोचला होता. एक हात तारांवर असताना दुसरा जमिनीशी जोडलेल्या लोखंडी माईकला लागला, की करंट माणसातूनच वाट काढणार आणि माणूस संपला.

आणि पुढचं गाणं मावशीचं होतं. चारचौघांत ती पहिल्यांदाच गाणार होती. तिने गिटार हातात घेतली. पायात रबरी चपला होत्या, म्हणून तारा धरूनही तिला काही झालं नाही. ती माईक जवळ ओढायला निघाली. मी ओरडणार कसा? मला स्वतःचा आवाज होता तो तेवढाच, आणि तोच काढून घेतलेला.

तिची बोटं माईकपासून वीतभर लांब असताना ती थबकली.

"मावशी, घाबरलीस का?" भाच्याने विचारलं.

"घाबरत नाही रे. सूर सापडेना. घरी मी याच्या गुणगुणीवरून सूर धरते. ती कुठं गेली?"

"अगं, मुद्दाम बंद केलीये. लोक हसतील."

"हसू देत. लाव परत."

त्याने कुरकुरत मला बंद केलं, वायर पुन्हा जोडली आणि बटण दाबलं. मी जीव तोडून गुणगुणलो. मावशीने माईक ओठांशी ओढला आणि नवऱ्याच्या रंध्यावर रचलेलं गाणं म्हटलं. कितीतरी जणांनी डोळे पुसले. आपण कशातून वाचलो, हे तिला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, घरातलं जुनं काही कुरकुरत असेल, तर त्याचं तोंड दाबू नका. आधी ते उघडून बघा. मला अजून कुणी उघडलेलं नाही. भाच्याने मावशीला मोबाईलवर सूर धरायला शिकवायला घेतलंय. "तुला जमलं की पुढच्या कार्यक्रमात खोका गप्प," असं तो म्हणतो.

ती रोज शिकते. आणि तिला लवकर जमतं.