मागच्या दिव्यातलं पाणी

“बाबा, न्हाय म्हनून सांगा त्यांना! काच फुटली तं दुसरी कुठनं आननार?” मितेश वडिलांवर खेकसला. माझ्या मनातलंच बोलला.

मानकोली नाक्याजवळ, गोदामाच्या भिंतीला खेटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही नवरा-बायको आमची गाडी घेऊन उभे होतो. गाडीच्या मागच्या उजव्या दिव्यात दोन बोटं पाणी साचलं होतं. हे मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं. तसा दिवा भिवंडीत नाही, ठाण्यात नाही, कुर्ल्याच्या भंगार बाजारातही नाही. गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून सोमवारी आरटीओत पुन्हा तपासणी होती. दिवा लागला नाही तर गाडी नापास, म्हणजे भंगारात.

ही गाडी माझ्या बायकोची, विद्युल्लतेची. पन्नासाव्या वर्षी, शाळेतली नोकरी सांभाळून ती गाडी शिकली आणि स्वतःच्या पगारातून तिनं ही घेतली. मी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. गाडीत माझं काम शेजारी बसून घाबरण्याचं. आता दुसरी गाडी घ्यायची नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. पण गेले चार दिवस तिला जेवण जात नव्हतं, हे मला दिसत होतं.

निजामपुऱ्यातल्या तीन मेकॅनिकांनी आळीपाळीनं त्या दिव्याला सिलिकॉन थापलं होतं. तिसरा वैतागून म्हणाला, “चाचा, मानकोली जाओ, केसरीनाथ के पास.” केसरीनाथांना, म्हणजे मितेशच्या वडिलांना, दिसत नाही, हे मात्र त्या शहाण्यानं सांगितलं नव्हतं.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

“गोदामाचं भाडं येतंय घरात,” मितेश मला म्हणाला. “यांना कोन सांगतो काम कराला? उद्या काय झाला तं तुमी मलाच बोल लावाल.”

“चला, निघू या,” मी विद्युल्लतेला म्हणालो, जरा मोठ्यानंच.

ती केसरीनाथांकडे बघत होती. त्यांनी दिव्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तीन हात लागलेत याला. तिसरा घाईत व्हता.”

आम्ही तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. विद्युल्लता म्हणाली, “उघडा दादा. फुटली तर फुटली.”

दिवा गाडीतून काढून त्यांनी मांडीवर घेतला. गरम हवेची गन कडेवरून फिरवायची, उलट्या हातानं ऊब अजमावायची, मग लाकडाची पातळ पाचर फटीत सारायची. जुनं सिलिकॉन दोऱ्यासारखं निघत होतं. मध्येच कट् असा आवाज झाला. मितेशनं तोंड फिरवलं. विद्युल्लतेनं माझं मनगट आवळलं.

“काच न्हाय ती,” केसरीनाथ शांतपणे म्हणाले. “गम तुटला.”

आणि लाल काच अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात आली. त्यानंतर तासभर ते खाचेतला जुना गम नखानं खरवडत राहिले. मला कुठंही काही शिल्लक दिसत नव्हतं, त्यांच्या नखाला लागत होतं.

“माझा बापूस खाडीवर होड्या दुरुस्त करी,” ते म्हणाले. “फटीत कापूस नि राल भरी. पन आदी जुना सगला काढाचा. त्याच्यावर नवा लावला का पानी आतच ऱ्हाते.”

मग त्यांचं नख एका जागी थांबलं. खालच्या कोपऱ्यात काडीच्या टोकाएवढं भोक होतं, सिलिकॉननं बुजलेलं.

“हा कंपनीनीच ठेवलेला हाय. पानी शिरला तं भाईर पडाला, तापला तं हवा जाला. तिघांनी पन गळती समजून बुजवला.”

नवा गम भरून, काच दाबून बसवून, गार होऊ देऊन त्यांनी बल्बच्या जागी बुचं लावली आणि दिवा बादलीत बुडवला. त्या बारीक भोकाला नळी लावून ते तोंडानं फुंकू लागले. दुसऱ्या हाताची बोटं पाण्याखाली कडेवरून हळूहळू सरकत होती. हवेचा बुडबुडा कुठं सुटतो का, ते बोटांनी बघत होते. मितेशसुद्धा बादलीवर वाकला होता. एक पूर्ण फेरी झाली. एकही बुडबुडा नाही. चौतीस वर्षं मी माणसांचे अर्ज आणि दाखले हाताळले, इतकं खरं काम कधी पाहिलं नव्हतं. मघाशी “निघू या” म्हणालो होतो, त्याची लाज वाटली.

दिवा गाडीवर चढवला. विद्युल्लतेनं आत बसून ब्रेक दाबला.

“पेटला का?” केसरीनाथांनी विचारलं.

“पेटला,” मी म्हणालो.

भर दिवसाच्या उजेडात त्यांना ते कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी चाचपडत दिव्यावर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. बल्बची ऊब काचेपर्यंत यायला वेळ लागतो.

“बाबा, त्यांना जाऊ द्या आता,” मितेश म्हणाला. या वेळी खेकसला नाही.

ते हलले नाहीत. विद्युल्लता आरशातून त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा हात निघेपर्यंत तिनं ब्रेकवरचा पाय उचलला नाही.