कौसल्यावहिनींच्या खोलीतला फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. निदान जन्माने तरी फळाच. हल्ली कुणी मला टेबल म्हणतं, कुणी पाट म्हणतं, आणि मध्यंतरी एका पाहुण्यांनी तर मला कपाटाचं दार समजून आत काय आहे ते विचारलं. स्वतःबद्दल बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं अंगावर वागवलं. आपलं असं काही सांगायची सवय नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

गिरगावातल्या एका सुताराच्या कारखान्यात मी तयार झालो. चार सागवानी फळ्या एकमेकींत बसवल्या, घासल्या, वर काळा रंग दिला, की झाला फळा. तिथून मी परळच्या एका शाळेत गेलो आणि बावीस वर्षं चौथीच्या वर्गात राहिलो. सकाळी सुविचार, मग त्रैराशिकं, दुपारी नद्यांचा नकाशा. मी पुष्कळ वाचलं, पण रोज संध्याकाळी सगळं पुसलं जायचं, त्यामुळे मला अमुक एक गोष्ट पक्की येते, असं म्हणवत नाही. गोदावरी कुठे उगम पावते ते सांगेन. पुढचं मात्र कुणीतरी पुसलेलं आहे.

एका वर्षी भिंतीतला खिळा निसटला आणि मी खाली आलो. डाव्या अंगाला वीतभर तडा गेला. मला बाद करून जिन्याखाली झाडू-घमेल्यांच्या शेजारी उभं केलं. लपाछपी खेळताना मुलं माझ्यामागे लपत, तेवढाच काय तो उपयोग. दोन वर्षं अशी गेली. मग शाळेचे शिपाई नाना यांनी एक दिवस हेडमास्तरांना विचारून मला मागून घेतलं, डोक्यावर पागोटं बांधून त्यावर मला ठेवलं आणि थेट आपल्या पुतण्याच्या घरी आणलं. ही एकोणीसशे पंचावन्नची दिवाळी सरल्यानंतरची गोष्ट.

पुतण्या रामदास गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. त्यांची बायको कौसल्यावहिनी घरी शिवणकाम करायच्या. चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली, त्यातच मोरी, त्यातच चूल, त्यातच हातमशीन.

वहिनींना शिवणाच्या बाई व्हायचं होतं. त्यासाठी दादरच्या एका महिला संस्थेची परीक्षा द्यावी लागे. बेतणं, कापणं, काजं, सगळ्यात वहिनी पहिल्या. पण शेवटी स्वतःच्या कल्पनेने एक कपडा शिवून दाखवायचा असे, आणि तिथेच त्या दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा त्यांनी दादरच्या दुकानाच्या काचेत पाहिलेला फ्रॉक शिवला. परीक्षक बाईंनीही तो पाहिलेला होता. दुसऱ्यांदा कॅलेंडरवरच्या चित्रातला शिवला, तर शेजारच्या बाईने नेमका तोच शिवून आणलेला! आता एप्रिलची परीक्षा तिसरी आणि शेवटची. चौथ्यांदा बसू देत नसत.

शिवणाच्या पुस्तकात वहिनींनी वाचलं होतं की, कामाची जागा नीटनेटकी आणि मन प्रसन्न करणारी असेल तर नव्या कल्पना सुचतात. तेव्हा त्यांनी खोलीच बदलायला घेतली. चुन्यात नीळ कालवून भिंतींना फिका आकाशी रंग दिला. रिळं खिळ्यांवर रंगारंगाने लावली, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. बटणं बिस्किटांच्या डब्यांत गेली. चिंध्यांचं गाठोडं सोडून लाल, हिरव्या, निळ्या असे ढीग केले. वळकट्या माळ्यावर चढल्या. मासिकांतली चित्रं खळ लावून भिंतीवर डकवली. मशीन खिडकीशी आलं. बाबासाहेबांची तसबीर तेवढी होती तिथेच राहिली. आणि खोलीच्या मधोमध, दोन ट्रंकांवर आडवा, मी. कापड कापायचं टेबल!

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. जिन्याखालून आलेल्याला एवढा मान पुष्कळ झाला.

रामदास संध्याकाळी कामावरून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"अगं, पाय कुठं ठेवू?"

"कडेकडेनं या. आणि त्या चित्रांना हात लावू नका, ओली आहेत."

"छान आहे," रामदास म्हणाले. "शिवणकाम घरात राहणार, आपण गॅलरीत." आणि त्यांनी जेवणाचं ताट खरोखरच गॅलरीत नेलं.

पूर्वी दुपारी शेजारच्या बायका या खोलीत येऊन जमिनीवर बसत, असं मला नंतर कळलं. गिरणीतली पहिली पाळी करून येणारी बकुळा, भिंतीपलीकडची शेवंती, आणखी एकदोघी. कुणी सुपात तांदूळ निवडी, कुणी नुसतीच पाय पसरून बसे. वहिनी त्यांच्या मधे कापड पसरून कापत आणि सारख्या ओरडत, "बकुळा, पाय उचल, बाही आहे तिथं!" त्यांना या गडबडीचा वैताग आला होता. शांतता असती तर कधीच काहीतरी सुचलं असतं, असं त्या म्हणत.

मी आल्यावर बकुळा एकदा आली. दारात उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं.

"बस की," वहिनी म्हणाल्या.

"बसू खंय गो बाय? तुझ्या फळ्यावर? हापिसात आल्यावानी वाटतं. साहेब कधी येतलो?"

ती हसली, पण गेली. शेवंतीही उंबऱ्यावरूनच बोलून जाऊ लागली. मग येणंच थांबलं. खोली शांत झाली, अगदी वहिनींना हवी होती तशी.

आणि त्या शांततेत काही म्हणजे काही सुचेना. वहिनी खडूने माझ्यावर फ्रॉक काढत. गळा गोल करीत, मग चौकोनी. पुसत. बाहीला झालर काढत. पुसत. भिंतीवरच्या चित्रांकडे बघत आणि पुन्हा त्यातलंच एखादं काढून बसत. डिसेंबर संपला. एकदा त्यांनी खडू ठेवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "माझ्या डोक्यातच काही नाही. दोनदा परीक्षक बाईंनी सांगितलं, तरी मला कळलं नाही."

मित्रांनो, मला वाटलं, दोष माझा आहे. तडा गेलेली वस्तू घरात आणू नये म्हणतात, ते खरं असावं. पण फळ्याला घर सोडून जाता येत नाही.

जानेवारीत बातमी आली की, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. परळ-लालबाग पेटून उठलं. गिरण्या बंद, ट्रॅम बंद. एके दुपारी चाळीसमोरच्या रस्त्यावर घोषणा, धावपळ आणि मग अश्रुधुराची नळकांडी. धूर तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरला, तशा बाया पोरं काखेत मारून जिन्याने वर पळाल्या. वहिनींची खोली मागच्या अंगाला होती, म्हणून सगळ्या तिकडेच आल्या. दारात येऊन थबकल्या, कारण आत शिरायला जागा कुठे होती?

"अहो, उचला तो!" वहिनी ओरडल्या.

रामदासांनी मला ट्रंकांवरून उचललं आणि धूर आत येऊ नये म्हणून खिडकीला लावून उभं केलं. ट्रंका भिंतीशी सरकवल्या. क्षणात नऊ बायका आणि सात-आठ पोरं जमिनीवर बसली. ओली फडकी फिरू लागली. कुणी डोळे पुसतंय, कुणी खोकतंय, कुणी गिरणीच्या नाक्यावर गेलेल्या नवऱ्याच्या नावाने बोटं मोडतंय.

तेव्हा मला एक गोष्ट समजली. टेबल झाल्यापासून मी आढ्याकडे बघत पडलो होतो. आता कितीतरी दिवसांनी माझं तोंड माणसांकडे होतं.

शेवंतीने आपल्या कांताचे डोळे पुसायला तिच्याच फ्रॉकचा घेर उचलला. कांता आठ वर्षांची. तिच्या फ्रॉकच्या खालच्या बाजूला आडव्या तीन रेघा होत्या. वरची पुसट, मधली जराशी ठळक, खालची काळपट.

"किती गो रेघा!" बकुळा म्हणाली. घाबरली, की तिला हटकून चेष्टा सुचायची. "ट्रॅमचे रूळ काय?"

"दर दिवाळीला एक दुमड सोडते," शेवंती म्हणाली. "पोरगी वाढतीय, कापड वाढतंय होय? जुन्या दुमडीची रेघ काही केल्या जात नाही. साबण लावला, सोडा लावला."

"शाळेत मुली मोजतात," कांता हुंदके देत म्हणाली. "म्हणतात, कांताचा फ्रॉक चौथीत गेला, कांता अजून तिसरीतच."

बायकांना हसू फुटलं. एवढ्या धुरात, एवढ्या धास्तीत त्या खदाखदा हसल्या आणि कांता भोकाड पसरून रडू लागली. हसल्या नाहीत त्या फक्त कौसल्यावहिनी. त्या कांताचा फ्रॉक हातात धरून बघत बसल्या होत्या.

मग त्या उठल्या. बायकांच्या मांड्या-पोटऱ्या ओलांडत खिडकीशी आल्या आणि खडूने माझ्यावर फ्रॉकचा घेर काढला. त्याखाली तीन आडव्या रेघा.

"दुमड पडणार कुठं, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं ना?" त्या म्हणाल्या. "मग तिथं आधीच रंगीत पट्टी शिवून ठेवली तर? यंदा ती खालची कड दिसेल. पुढल्या वर्षी दुमड सोडली की तीच पट्टी जरा वर जाईल, आणि आत लपलेली दुसऱ्या रंगाची कड खाली येईल. रेघ दिसायची नाही. नक्षी दिसेल."

"दर वर्षी नवी?" कांताने विचारलं. तिचं रडणं थांबलं होतं.

"दर वर्षी नवी."

"पट्टीला कापड कसलं?" शेवंतीचा प्रश्न. "फ्रॉक विरायच्या आधी पट्टीच विरली म्हणजे?"

"काठ लाव गो," बकुळा म्हणाली. "लुगडं फाटतं, काठ कधी फाटलेला बघितलास? माझ्याकडे जुन्या हिरव्याचा आहे."

"माझ्याकडे लाल," शेवंती म्हणाली.

"आईचं जांभळं आहे माझ्याकडे. दोन हात तरी निघेल."

बाहेर धूर विरला, तरी कुणी उठेना. फळ्यावर कुणी बोट ठेवून म्हणे, घेर वाढव. कुणी म्हणे, खिसा लाव, पोरींना चिंचोके ठेवायला लागतात. वहिनी खोडत होत्या, काढत होत्या, आणि मधेच "बकुळा, पाय उचल!" असं ओरडतही होत्या.

संध्याकाळी रामदास मला पुन्हा ट्रंकांवर ठेवू लागले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नको. त्याला उभाच ठेवा."

नानांनी दोन बिजागऱ्या आणि साखळी आणली. मला भिंतीवर असं बसवलं की वर लावला की मी फळा, आणि साखळीवर खाली सोडला की टेबल. कापायचं काम झालं की मला वर लावायचं आणि जमीन मोकळी. भिंतीवरची काही चित्रं माझ्याखाली झाकली गेली. वहिनींना त्याचं फारसं वाटलं नाही. ताट गॅलरीतून आत आलं. दुपारची सुपंही आली.

एप्रिलच्या परीक्षेला अर्थातच मी गेलो नाही. तिथलं वहिनींनी परत आल्यावर सांगितलं, तेवढंच मला माहीत. त्या आल्या तेव्हा बायका आधीच खोलीत बसल्या होत्या.

"बाई म्हणाल्या, एवढी जाड दुमड कशाला? घेर जड झालाय."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मग मी कात्री मागितली आणि त्यांच्यासमोरच दुमड उसवली."

"अगं बाई! परीक्षेत?"

"उसवली. खाली तुझा लाल काठ आला, शेवंती. म्हटलं, हा पुढल्या वर्षीचा फ्रॉक. मग दुसरी उसवली. हा त्याच्या पुढचा. त्या चष्मा काढून बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही बाई. आमच्या मजल्यावर आहे."

बकुळाने वहिनींच्या पाठीत असा धपाटा घातला की, त्या माझ्यावर येऊन आदळल्या. माझा तडा बोटभर वाढला. मला त्याचं काही वाटलं नाही.

जूनमध्ये कार्ड आलं. रामदासांनी ते दोनदा वाचलं, मग नानांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा. वहिनी पास झाल्या होत्या. त्याच महिन्यात या खोलीत त्यांचा शिवणवर्ग सुरू झाला, चार मुलींचा. ऑक्टोबरात चाळीतली कितीतरी कुटुंबं दीक्षा घ्यायला नागपूरला निघाली, तेव्हा पांढऱ्या पोलक्यांची अशी घाई उडाली की, मी दिवसभर वर चढलोच नाही. मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी वर्गात अकरा मुली होत्या. कांता त्यांतली सगळ्यांत लहान. तिची काजं अजून वाकडी येतात, पण सांगायचं कुणी?

माझा रंग आता उडाला आहे. वहिनी वर्षातून एकदा काळा हात देतात आणि मुलींना बजावतात की, फळा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, तड्यात पाणी मुरतं. तुमच्याही घरी, शाळेत एखादा थकलेला फळा असेल, त्याला कोरड्या फडक्याने पुसा, एवढी माझी विनंती.

आणखी एक सांगू का? मी काही शहाणा नव्हे, पण दोन्ही प्रकारे राहून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. तुम्ही आपला कामाचा कोपरा लावाल, तेव्हा रिळं भिंतीवर टांगा, बटणं डब्यात ठेवा, हवी ती चित्रं डकवा. जमीन मात्र मोकळी सोडा. आणि कुणी येऊन बसलं, तर लगेच "काय काम काढलंत?" असं विचारू नका, मित्रांनो. बसू द्या.