घट्ट आणि पातळ

"पातळ काही द्यायचं नाही, काका. पाणीसुद्धा नाही," नर्सने निघताना पुन्हा बजावलं. "श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. काकूंना चमच्याला धरून राहील इतकं घट्टच भरवा."

काकांनी मान डोलावली. घट्ट करण्यात त्यांचा हातखंडा होता. बाजारात त्यांचं मिल्कशेकचं दुकान. त्यांच्या भागात मिल्कशेक म्हणजे भरपूर आइस्क्रीम घालून घुसळलेला, नळी उभी राहील असा.

काकू लग्न होऊन आल्या त्या पार दुसऱ्या टोकाच्या, समुद्राकाठच्या गावातून. तिकडे गार दूध आणि फळांचा पाक झाकणाच्या भांड्यात घालून फेस येईपर्यंत हलवायचे, बस्स. आइस्क्रीमचा पत्ता नाही. नवऱ्याच्या हातचा पहिला ग्लास त्यांनी तिरका करून पाहिला आणि हे प्यायचं की भिंतीला लावायचं, असं विचारलं. काकांनी काकूंच्या मिल्कशेकला 'भांडी विसळल्याचं पाणी' म्हणून टाकलं. पुढे संसारभर हेच चाललं. गिऱ्हाइकं मुद्दाम विषय काढायची आणि दोघं हिरिरीने भांडायची. काकांनी त्या पाण्याचा घोट मात्र कधी घेतला नाही.

मग पक्षाघाताचा झटका आला आणि काकूंची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काका रोज दुकानातून शेक आणत, तोंडात वितळून पातळ होऊ नये म्हणून नर्सने दिलेली पूड त्यात मिसळत, पाठीला उशा लावत आणि चमच्या-चमच्याने भरवत. काकू निमूट गिळत. ते निमूटपण काकांना सोसवेना. निदान नाक तरी मुरडेल, म्हणून एकदा त्यांनी मुद्दाम जास्तच घट्ट केला. काकूंनी तोही गिळला.

पुढे गिळणंही कमी होत गेलं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काकांनी मेहुणीला बोलावून घेतलं. ती आली तशी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि दूध, पाक आणि झाकणाचं भांडं पुढे ठेवलं.

"तुमच्याकडचा कर. मला येत नाही."

"पण भाऊजी, तिला पातळ चालत नाही ना?"

"नर्सला विचारलंय. बोळ्याने नुसते ओठ ओले करायला हरकत नाही म्हणाली."

मेहुणीने भांडं छातीशी धरून हलवलं. काका बाजूला उभे राहून बघत होते. मग त्यांनी कापसाचा बोळा फेसात टेकवला, नीट निथळला आणि काकूंच्या ओठांवरून फिरवला. काकूंची जीभ हळूच बाहेर आली. त्या बहिणीकडे बघू लागल्या, आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

काकांनी उरलेला शेक ग्लासात ओतून एक घोट घेतला. मग आणखी एक.

"चांगला लागतो गं," ते म्हणाले. "उगाच भांडलो."

बोलून झाल्यावर ते सवयीने थांबले, उलट उत्तरासाठी. काकूंचा डोळा लागला होता. मेहुणीने त्यांच्या हनुवटीवर आलेला दुधाचा फेस बोटाने पुसून घेतला.