आधी कुणाच्या जिभेवर

माझ्या सासूबाई हरणाबाई, मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांच्यापुढं आजवर कुणाचं काही चाललेलं नाही, माझं तर नाहीच. कराडच्या दवाखान्यात मात्र मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले.

माझ्या तेरा वर्षांच्या सृष्टीला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. हिरड्यांतून रक्त थांबेना, अंगभर काळेनिळे डाग. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर पोर हातची जाईल, आजच औषध सुरू करू. इथवर ठीक होतं. पण या भल्या माणसाला खरं बोलायची खोड. त्यांनी सांगून टाकलं, "औषध म्हणजे सोमलच. चिनी वैद्य जुन्या काळापासून वापरायचे."

सोमल म्हणजे आमच्याकडं उंदरांना घालायचं विष. आत्ती सृष्टीच्या कॉटपुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"लांडग्यासाटी कुनीतरी सोमल टाकला, तवा माजी दोन कुत्री तडफडून मेली. त्यो पोरीच्या शिरंत घालताय व्हय?"

"आवं आत्ती, सरा बाजूला! पोर जाईल माजी!" मी ओरडले.

त्या हलल्या नाहीत. आम्ही मेंढरंवाले. कोकराला पाजायचं औषध आधी पाजणाऱ्यानं स्वतःच्या जिभेवर घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. आत्तींनी डॉक्टरांपुढं सरळ जीभच काढली.

"आदी हितं घाला."

मला लाज वाटली आणि रडूही आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "आजी, हे चाटायचं औषध नाही. मोजून शिरेतूनच द्यावं लागतं. पण आधी घेतलंय लोकांनी, चीनमधल्या आजाऱ्यांनी. धड कुणालाच काही माहीत नव्हतं तेव्हा घेतलं. काही वाचले, काही गेले. त्यांच्यावरूनच किती द्यायचं ते कळलं."

"त्येंची नावं काय?"

"मला माहीत नाहीत."

आत्तींनी सृष्टीच्या तोंडावरून हात फिरवला. मग बाजूला सरल्या. "लाव बाबा."

त्याला वर्ष झालं. सृष्टी बरी आहे. शाळेत जाते, मला उलटून बोलते. बोलू दे. ते ऐकायला मी लय नवस बोलले होते.

परवा नवस फेडायला आरेवाडीच्या बिरोबाला गेलो. आत्तींनी भंडाऱ्याची पहिली मूठ उधळली. मला वाटलं, नातीसाठी.

"जी वाचली न्हाईत त्येंच्या आयांसाटी," त्या म्हणाल्या. "देवा, मला नावं म्हाईत न्हाईत. पर माज्या पोरीच्या आदी त्येंच्या लेकरांनी जिभंवर घेतलं."

मी वर्षभर देवाचे आणि डॉक्टरांचेच आभार मानत होते. दुसरी मूठ मी उधळली, त्याच आयांसाठी.