बाळ-बाळंतीण सुखरूप

विजयमालाबाईंनी कोमट तेलाचा हात आदितीच्या गुडघ्याला लावला मात्र, तिचं सगळं अंग ताठ झालं. पलंगाचा कठडा धरून तिने डोळे मिटले. कपाळावर घाम फुटला.

"तेल लावतोय की नुसतं," आई म्हणाली.

"नको. माझं मी लावून घेतो," आदिती म्हणाली.

बाळंतपणाला बावीस दिवस झाले होते. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप नातेवाइकांना विजयमालाबाईंनीच धाडला होता. सत्तावीस वर्षं त्या एका सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात सिस्टर होत्या. सुखरूप म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं उचगावात कुणाला ठाऊक असणार? टाके सुकले होते, ताप नव्हता, नातीचं वजन वाढत होतं.

पण आदिती झोपत नव्हती. बाळ झोपलं तरी ही जागीच. स्वयंपाकघरात भांडं पडलं की दचकून भिंतीला टेकायची. बाळाला वेळेवर पाजायची, पण पाजताना बघायची खिडकीकडे. टाके दाखवायला दोघी निघाल्या, तर दवाखान्याच्या वळणावर रिक्षातच तिला उलटी झाली. भेटायला आलेल्या कुणी बाळंतपणाचा विषय काढला की ती उठून आत जायची.

वडील पार्श्वनाथ म्हणाले, पहिलटकरीण आहे, अशक्तपणा असेल. विजयमालाबाईंनीही तेच धरून ठेवलं होतं. अशा बायका त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. तपासायला गेलं की मांड्या आवळणाऱ्या, बाळ हातात दिलं तर तोंड फिरवणाऱ्या. वॉर्डात त्याला एकच शब्द होता, नाटकं. तो त्यांनीही वापरला होता, शेजारच्या चार कॉटना ऐकू जाईल असा. आपली लेक मात्र नाटकं करणारी नव्हती. मग त्या शेकडो बायकाही करत नसतील. विजयमालाबाईंनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"काय होतंय तुला? सांग मला."

आदिती भिंतीकडे बघत म्हणाली, "डोळं मिटलं की तीच खोली दिसतीय. ती सिस्टर पोट दाबायला लागल्यावर मी थांबा, थांबा म्हणत होतो. श्वास कोंडलाता माझा. वाटलं, मेलो आता."

"ती सिस्टर जरा दांडगीच..."

"माझं हात तू धरलंतंस, आई."

विजयमालाबाईंना ते आठवत होतं. त्या स्वतः सिस्टर म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं होतं. कळा सुरू होऊन चौदा तास उलटले होते, बाळाचे ठोके मंदावले होते. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी लेकीची मनगटं टेबलाला दाबून धरली होती. आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या होत्या, गप पड, सगळ्याच बायका यातनं जातात.

माफी मागावी असं मनात आलं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"बाळ वाचलं की गं."

"व्हय," आदिती म्हणाली. "बाळ वाचलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंना फोन करून एकेक लक्षण सांगितलं, केसपेपर वाचावा तसं. बाई म्हणाल्या, बाळंतपणात मनावर घाव बसलाय. उपचारांनी बरा होतो, लवकर ओळखलंत हे चांगलं झालं. विजयमालाबाईंनी तपासणीची वेळ ठरवून घेतली. तपासणीच्या दिवशी त्या आत जायला उठल्या, तेव्हा आदितीने नवऱ्याला, अरिहंतला, सोबत घेतलं आणि आईला बाहेर बसायला सांगितलं.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच ती कबनूरला सासरी निघाली. शेजारच्या बायडाबाईंनी विचारलं, एवढ्या लवकर का धाडली? विजयमालाबाईंनी सांगितलं, जावयाला करमत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अरिहंतचा फोन आला. त्याच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना, रात्रंदिवस खडखड. तिला आवाजाचा त्रास होईल अशी त्याला धास्ती होती. पण काल ती सलग चार तास झोपली, बाळाला कुशीत घेऊन.

"बरं झालं," विजयमालाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विजयमालाबाईंनी बाळंतिणीसाठी आपल्या हातानं केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. पार्श्वनाथांनी विचारलं, आज दोघं जाऊन पोचवून येऊ या का?

विजयमालाबाईंनी डब्याला फडकं बांधलं, गाठ दोनदा आवळली.

"तुम्ही जावा," त्या म्हणाल्या. "विकत आणल्यात म्हणून सांगा."