नातवाच्या नाळेची डबी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डबी आहे. चिंचेने घासली तर आजही चमकेन. पण घासणार कोण? अकोल्याच्या जुन्या शहरात एका तांबटाने मला ठोकून घडवले. नातू झाला तेव्हा माणिकबाईने मला बडनेऱ्याजवळच्या आपल्या मळ्यात आणले आणि श्रावणची वाळून गळलेली नाळ माझ्यात ठेवली. पोर आजारी पडले की ती उगाळून पाजायची, अशी तिकडची रीत. त्याची थोरली बहीण जयवंता, तिची नाळ मात्र तेव्हाच उकिरड्यात गेली होती. पोरीसाठी डबी कोण घेतो?

मला देवघरात जागा होती, सणाला हळदकुंकू होते. एवढा मान तर जयवंतालाही नव्हता.

ती सहा वर्षांची असताना तिला हगवण लागली. डोळे खोल गेले. बाप डोमाजी रोज पहाटे वांग्यांची गाडी घेऊन बडनेऱ्याच्या बाजाराला जाई. दवाखाना त्याच वाटेवर. तो म्हणाला, "पोरीले गाडीत घेतो."

"घरात औषध असतानी दवाखाना कावून?" असे म्हणून तिच्या आईने, पंचफुलाने, सासूपुढे पदर पसरला. "आत्याबाई, थोडीशी नाळ उगाळू द्या."

"नातवाची नाळ पोरीले? उद्या त्याले काई झालं त काय उगाळशीन?" माणिकबाईने मला ओच्यात खोचले.

गाडी गेली. वांगी बाजाराला पोहोचली, पोर खाटेवर राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. सासू-सुना माझ्यासाठी भांडत होत्या आणि जयवंता पाणी मागत होती. हगवणीत पाणी द्यायचे नाही, हीही तिकडची रीत!

शेवटी सासू अंघोळीला बसली, तेव्हा पंचफुलाने मला उचलले. सगळी नाळ सहाणेवर उगाळून पाजली. जयवंताने निमूट गिळली.

"माय, मी आता बरी होईन?"

"होशीन वं बाई."

दुपारी ती गेली. वाळका तुकडा तो, त्यात कसले औषध!

पोरीला अंगणात निजवले होते आणि माणिकबाई मला हातात धरून ऊर बडवत होती, "माह्या नातवाची नाळ गेली वो!"

श्रावण धडधाकट वाढला. त्याला माझी कधी गरजच पडली नाही.

आता म्हणे डॉक्टर नाळेतले ताजे रक्त गोठवून जपतात. त्याने रक्ताचे काही आजार बरे होतात, आणि जुळले तर भावाचे बहिणीलाही चालते. चांगले आहे. मित्रांनो, जपायचे ते खुशाल जपा. पण आजारी लेकरू घरात ठेवून गाडी पुढे नेऊ नका. आणि पोरगी पाणी मागत असेल, तर आधी तिला पाणी द्या.